भडिमार

आमच्या लहानपणी, पावसाळा सरला की घरातली भांडी दुपारची आपोआप वाजायची. फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींना हलकेच लागत, खिडकीची तावदानं थरथरत आणि डोंगरापलीकडून एक जाड, बसका आवाज येई. आमचं गाव देवळालीच्या फायरिंग रेंजपासून फार लांब नव्हतं. देवळालीला लष्कराच्या तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय, नाशिकरोडला तोफखाना केंद्र. त्यामुळे तोफेचा आवाज आमच्या पंचक्रोशीला नवा नव्हता. आई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची, "सराव चाललाय." पाळण्यात बाळ असलं तर कुणीतरी उठून त्याच्या कानांवर हात ठेवी. गोठ्यातल्या म्हशी रवंथ चालूच ठेवत.

त्या आवाजांची एक चाल असे. आधी एकच आवाज यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, पुन्हा शांतता. कधी तिसरा. आणि आता संपलं असं वाटतं आहे तोवर सगळं आभाळ एकदम फुटल्यासारखी धडाधड सुरू व्हायची. मधली ती शांतता कशासाठी, हे तेव्हा कळत नसे. ते कळायला मला पुढे एका माणसाची गाठ पडावी लागली.

परवा वर्तमानपत्र चाळताना एका शब्दावर थबकले. भडिमार. एकाच अंकात तो तीन ठिकाणी होता. पत्रकार परिषदेत एका मंत्र्यांवर प्रश्नांचा भडिमार झाला होता. एका पुरवणीत सणानिमित्त सवलतींचा भडिमार होता. आणि परदेशच्या पानावर, खाली कोपऱ्यात, एका शहरावर रात्रभर तोफगोळ्यांचा भडिमार झाला होता. तिन्ही वाक्यं व्याकरणानं बरोबर. तिन्हींत अर्थही कळतो. तरी ते पान मला उलटता येईना.

शब्द उघडून पाहिला तर त्यात दोन तुकडे दिसतात. मार उघडच आहे. आणि पुढचा भड हा माझ्या कानाला निव्वळ आवाज वाटतो. भडका, भडाभडा, भडभडून येणं, या सगळ्या शब्दांत तोच आवाज आहे. आत कोंडलेलं काहीतरी एकदम बाहेर पडतं, आणि एकदा पडू लागलं की थांबत नाही. 'भ' म्हणताना ओठ मिटतात, श्वास अडतो आणि मग फुटतो. तोफेच्या नळीतही दारू कोंडून, पेटवून मोकळी करायची असते. ज्यानं कुणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला असेल, त्यानं तोफ जवळून ऐकली होती याविषयी मला शंका नाही.

पण या शब्दाचा खरा जीव आवाजात नाही, न थांबण्यात आहे. एका गोळ्याचा भडिमार होत नाही. दोनाचाही नाही. एक गोळा पडल्यावर माणूस सावरतो, धूळ झटकतो, कुठे लागलं ते बघतो, भिंतीला पडलेलं भोक बुजवायला धावतो. भडिमार म्हणजे हे सगळं करायला वेळच न देणं. मराठीनं या गोष्टी फार बारकाईनं वेगळ्या केल्या आहेत. बंदुका एकापाठोपाठ एक उडवल्या तर ती सरबत्ती. तिच्यात ओळ आहे, क्रम आहे. एकदम झाडली तर फैर, आणि हा शब्द तर इंग्रजी 'फायर'च मराठी जिभेवर येऊन घडला. नेम धरून, टिकवून केला तो मारा. वरून भरभरून आलं तर वर्षाव. तो गोळ्यांचा होतो तसा फुलांचाही होतो. भडिमारात ओळ नाही, नेमाचा नाजूकपणा नाही, फुलांना तर जागाच नाही.

वेढ्याच्या, तोफांच्या दिवसांतले किती शब्द आपण रोज तोंडात घोळवतो याचा हिशेब मांडायला बसले तर दुपार संपून जाईल. मोर्चा म्हणजे किल्ला घेणाऱ्यांनी तटासमोर उभारलेली आडोशाची जागा, जिथून तोफा-बंदुका चालायच्या. मोर्चे लागत, मोर्चेबांधणी होई. आज त्याच नावानं माणसं हातात फलक घेऊन रस्त्यावरून चालतात. खिंडार तटाला पडायचं, आता पक्षाला पडतं. निवडणुकीत मतदानाला दोन दिवस उरले की प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात एकच मथळा येतो: प्रचाराच्या तोफा थंडावल्या. आणि गोलंदाज! फारसीत अंदाज म्हणजे फेकणारा. तीर फेकतो तो तीरंदाज, गोळा फेकतो तो गोलंदाज. आज चेंडू हातात घेऊन धावत येणाऱ्या मुलाला आपण ज्या नावानं हाक मारतो, ते दीडदोनशे वर्षांपूर्वी तोफेमागे काळवंडलेल्या तोंडानं उभ्या असलेल्या माणसाचं नाव होतं. भारतीय तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबरला आपला स्थापना दिन पाळतो. १८२७ साली त्या तारखेला मुंबईच्या पायदळी तोफखान्यातल्या गोलंदाज पलटणीची एक कंपनी उभी राहिली; तीच पुढे पाचवी मुंबई माउंटन बॅटरी झाली. हा शब्द तेव्हा सरकारी कागदावर होता आणि त्यात खेळाचा लवलेश नव्हता.

विजापूरच्या मोठ्या तोफेचं नाव तर मला या सगळ्यांत विलक्षण वाटतं. मूळ नाव मलिक-ए-मैदान, रणमैदानाचा धनी. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानं ती ओतली, तीही विजापुरात नव्हे, आपल्या अहमदनगरला, निजामशाहीत. वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाचं, आणि त्या सिंहाच्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. मराठी माणसानं ते नाव ऐकलं आणि आपल्या कानाप्रमाणे केलं: मुलुखमैदान. मलिक जाऊन मुलूख आला. शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीनं ही चूक आहे. पण तोफेच्या वाटेवरच्या गावात राहणाऱ्याला मैदानाचा धनी कोण याच्याशी काय देणंघेणं? त्याला दिसत होतं ते एवढंच, की ही जिथे जाते तिथे मुलखाचं मैदान होतं. धन्याचं नाव पुसून लोकांनी परिणामाचं नाव ठेवलं. आज एखाद्या जहाल वक्त्याला आपण कौतुकानं मुलुखमैदान तोफ म्हणतो.

भडिमार हा शब्द मला पुस्तकात पहिल्यांदा भेटला तो पन्हाळ्याच्या वेढ्यात. १६६० साल, सिद्दी जौहरचा वेढा, आत शिवाजी महाराज. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी, व्यापारी म्हणून इथे राहत असताना, आपल्या तोफा आणि दारूगोळा घेऊन पन्हाळा गाठला आणि स्वतःचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. त्यांचा म्होरक्या हेन्री रेव्हिंग्टन. दुसऱ्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैदेत टाकलं. इतिहासाच्या तासाला आम्ही पोरं या जागी टाळ्या वाजवायचो.

पण ज्या भडिमारानं मला हा शब्द खरा कळला, तो रायगडचा.

१८१८. पुण्याचा शनिवारवाडा पडून काही महिने झाले होते. दुसरा बाजीराव मुलूख सोडून पळत होता आणि त्याची पत्नी वाराणसीबाई रायगडावर होती. कर्नल प्रॉथरची इंग्रज फौज गडाखाली आली. रायगड चढून घेणं सोपं नाही; कडे सरळ तुटलेले आहेत, वाट अरुंद आहे आणि महाराजांनी ही जागा त्यासाठीच निवडली होती. इंग्रजांनी चढायचा हट्ट धरला नाही. गडासमोर पोटल्याचा डोंगर आहे. त्यांनी तोफा आणल्या आणि समोरून मारा सुरू केला. मधली दरी त्यांना आडवी येत नव्हती, कारण गोळ्याला दरी उतरावी लागत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोळे पडत राहिले. त्यातल्या एकानं गडावर आग लागली. वाड्यांचे वरचे भाग लाकडी होते. वैशाखातलं लाकूड ते. १० मे १८१८ रोजी गड खाली झाला.

आज आपण रायगडावर जातो तेव्हा दगडी जोती बघतो. राण्यांचे महाल म्हणून दाखवतात ती जोती. अष्टप्रधानांचे वाडे म्हणून दाखवतात ती जोती. राजसदरेवर मेघडंबरी आहे, पण ती अलीकडची. लहानपणी मला वाटायचं की काळानं हे असं झालं असेल, ऊनपावसानं, दुर्लक्षानं. काळाचाही वाटा आहेच. पण ज्या चौथऱ्यांवर खांब उभे होते, छतं होती, पडदे आणि समया होत्या, त्यांच्यावर फक्त हवा उरण्याची सुरुवात त्या पंधरवड्यानं केली. महाराजांच्या राजधानीसाठी तटाशी झुंज झाली नाही, तटावर शिडी लागली नाही, तलवारीला तलवार भिडली नाही. समोरच्या डोंगरावर बसलेल्या लोकांनी गडावरच्या माणसांचे चेहरेसुद्धा पाहिले नसतील.

भडिमार करणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही. हे वाक्य मी बरीच वर्षं असंच्या असं मनात बाळगून होते आणि ते पुरतं बरोबर आहे असं समजत होते. त्यात दुरुस्ती करून दिली ती आमच्या हवालदारकाकांनी.

काका तोफखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या शेजारच्या गल्लीत राहायचे. डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नसे. तोफेवर आयुष्य काढलेल्या पुष्कळांचं तसंच होतं. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे आणि एका वेळी एकच गोष्ट विचारावी लागे. तोफांविषयी ते आपणहून बोलत नसत. आणि बोलले तर भडिमार हा शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नसे. राउंड, गन, फायर, ओपी, एवढेच त्यांचे शब्द. मी एकदा विचारलं, "काका, लहानपणी आवाज ऐकू यायचा तेव्हा आधी एकेकच का यायचा? मध्ये एवढी गप्प का व्हायची तोफ?"

ते म्हणाले, "पहिला राउंड विचारायला असतो, पोरी."

मग त्यांनी जमिनीवर काडीनं रेघा काढून समजावलं. तोफ डोंगराच्या या अंगाला असते, लक्ष्य त्या अंगाला, कित्येक किलोमीटर लांब. तोफेवरच्या माणसाला लक्ष्य दिसतच नाही. म्हणून एक अधिकारी पुढे, उंचावर, दुर्बीण आणि रेडिओ घेऊन बसलेला असतो. तो ओपी, म्हणजे टेहळणीवाला. तोफ एक गोळा टाकते आणि थांबते. ओपी बघतो, गोळा कुठे पडला. मग कळवतो: एवढं उजवीकडे घ्या, एवढं पुढे घ्या. तोफ दुसरा टाकते, पुन्हा थांबते. असं करत गोळे लक्ष्यावर बसू लागले, की मग हुकूम येतो, फायर फॉर इफेक्ट, आणि बॅटरीच्या सहाच्या सहा तोफा बोलू लागतात. काका म्हणाले, "ओपी नसला तर आपण आंधळे. कुणावर पडतंय देवाला ठाऊक. आपलीच पलटण पुढे असते."

बालपणीच्या दुपारच्या त्या शांततेत डोंगरावर एक माणूस बघत बसलेला असायचा तर.

कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, भारतीय तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. तोलोलिंग, टायगर हिल या शिखरांवर बसलेल्या शत्रूला मान वर काढू द्यायची नाही, तोवर आपलं पायदळ कडा चढून वर पोचलं पाहिजे, हे काम तोफांचं होतं. बोफोर्स तोफेचा एक गोळा चाळीस किलोंहून जड. तो कुठे पडतो हे पाहायला टेहळणीचे अधिकारी पायदळाबरोबर त्याच कड्यावर, त्याच गोळीबारात चढत होते. त्यातले काही परतले नाहीत. तोफखान्याच्या शौर्याची गोष्ट सांगताना आपण नळ्यांचा गडगडाट सांगतो. मला त्या वर चढणाऱ्या, रेडिओ पाठीवर घेतलेल्या डोळ्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

उलट, न बघता केलेल्या भडिमाराचं उदाहरण पाहायचं तर पहिल्या महायुद्धाकडे जावं लागतं. फ्रान्समधली सोम नदी, १९१६ चा जून. ब्रिटिश तोफांनी सलग सात दिवस जर्मन खंदकांवर पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकले. सेनानींची खात्री होती की पलीकडे आता कुणी जिवंत नसेल. १ जुलैच्या सकाळी पायदळ खंदकातून बाहेर पडलं. काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी तशाच उभ्या होत्या, जर्मन सैनिक खोल भुयारांत टिकून होते आणि वर येऊन मशीनगनवर बसले. त्या एका दिवशी ब्रिटिश फौजेची १९,२४० माणसं मेली. न फुटलेले गोळे त्या मुलखातले शेतकरी आजही नांगरताना बाहेर काढतात आणि बांधावर ठेवतात.

जी माणसं मेली नाहीत, त्यांचं काय झालं? त्यांचे हात थरथरू लागले, वाचा गेली, चालणं विसरलं. अंगावर जखम नाही आणि माणूस मात्र आपल्या जागी नाही. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी अशा रुग्णांविषयी लिहिताना शेल शॉक हा शब्द छापला. आधी समजूत होती की जवळ फुटलेल्या गोळ्याच्या हादऱ्यानं मेंदूला इजा होते. पुढे दिसू लागलं की गोळा जवळ फुटलेला नसतानाही हे होतं. खंदकात बसायचं, पुढचा गोळा कुठे पडेल माहीत नाही, पळायला जागा नाही, उलट काही करता येत नाही, आणि हे तासन्‌तास, दिवसच्या दिवस. माणूस मोडतो तो या निरुपायानं.

त्याच युद्धात आपली माणसंही होती. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुत या गावी सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. साताऱ्या-कोकणातून गेलेली शेतकऱ्यांची पोरं, उपाशी, गोळे पडताना मातीच्या भिंतींआड बसलेली. त्यातली जी परत आली, ती घरी काय बोलली असतील? मला वाटतं, फारसं बोलली नसतील. अंगणात पितळी ताट पडलं की दचकणारा आजोबा पुष्कळ घरांत होता, आणि घरानं त्याला तापट म्हणून सोडून दिलं.

इथे मला माझ्या घराकडे यायचं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आई गेल्यानंतर हळूहळू कमी बोलू लागले. आम्ही भावंडं शहरात. रोज फोन करायचो, आणि आमच्या मते काळजीनं करायचो. "अण्णा, जेवलात का? गोळी घेतली का? सकाळची की रात्रीची? मग फोन का नाही उचलला? बाई आली होती का? दार लावून घेतलंत ना? पाय कसा आहे? डॉक्टरांकडे कधी जाणार?" एका दमात. माझ्यानंतर भाऊ, भावानंतर वहिनी. हळूहळू त्यांचं उत्तर एकाच शब्दावर आलं: "बरं." पुढे पुढे तेही कमी झालं. आम्ही आपापसात म्हणू लागलो, अण्णांना आता विसरायला होतं, त्यांना प्रश्न समजत नाहीत.

एकदा सुट्टीत गावी गेले असताना हवालदारकाका अण्णांकडे आले. दोघे ओसरीवर बसले. काकांनी विचारलं, "झोप लागते का रात्री?" आणि गप्प बसले. मी आतून बघत होते. अण्णा उत्तर देईनात. मला राहवेना, मी पुढे होऊन काहीतरी विचारणार होते. काका हलले नाहीत, त्यांनी दुसरा प्रश्नही केला नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. कितीतरी वेळानं अण्णा म्हणाले, "पहाटे तीनला जाग येते. ती त्या वेळेला उठायची, दम्यामुळे. मी पाणी गरम करून द्यायचो." आणि मग ते पाऊण तास बोलत होते.

आमच्या एकाही प्रश्नात प्रेम नव्हतं असं नाही. प्रत्येक प्रश्न काळजीचाच होता. पण त्यांची रास झाली होती आणि एकाही प्रश्नानंतर आम्ही थांबत नव्हतो. पहिला प्रश्न कुठे पडला हे पाहायच्या आत दुसरा सुटलेला असे. अण्णा खाली मान घालून, गोळे थांबायची वाट बघत बसलेले होते. त्यांना विसरायला होत नव्हतं; त्यांना मान वर काढता येत नव्हती.

म्हणून वर्तमानपत्रातल्या त्या तीन भडिमारांपैकी पहिल्याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्नांचा भडिमार हा शब्दप्रयोग फार सच्चा आहे. मराठी माणसानं तो ज्याला प्रश्न विचारले जातात त्याच्या बाजूनं घडवला आहे. वर्गात उभ्या केलेल्या मुलाला, मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पाटावर बसलेल्या मुलीला, मुलाखतीच्या टेबलाशी आलेल्या पोराला, पोलीस चौकीत तक्रार द्यायला आलेल्या बाईला जे वाटतं, ते नेमकं या शब्दात आहे. इतके प्रश्न, की उत्तराला जागाच उरू नये. तिथे हा शब्द वापरावा, बेलाशक वापरावा. तो वाचून विचारणाऱ्यानं एकदा थांबावं, एवढी ताकद त्यात आहे.

दुसऱ्या भडिमाराविषयी मात्र मला बोलायचं आहे. सवलतींचा भडिमार, शुभेच्छांचा भडिमार, लाइक्सचा भडिमार, कार्यक्रमांचा भडिमार. हे मला सहन होत नाही. हे शब्द लिहिणारे वाईट हेतूनं लिहितात असं मी म्हणत नाही. खूप, सतत, एकदम, एवढंच त्यांना सांगायचं असतं. पण त्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची काय कमतरता आहे? वर्षाव आहे. रेलचेल आहे. लयलूट आहे. खैरात आहे. पाऊस आहे. शुभेच्छांनी कुणाचं घर जळत नाही. ज्या शब्दात रायगडचे वाडे जळाले तो शब्द सोफासेटच्या जाहिरातीवर चिकटवला, की परदेशच्या पानावर तोच शब्द येतो तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात काही हलत नाही. डोळा पुढे सरकतो.

आणि ते पान रोज येतं आहे. युक्रेनमधली शहरं येतात, गाझा येतं. लांबचं म्हणावं तर आपल्याच देशात, मे २०२५ मध्ये, पूंछवर सीमेपलीकडून तोफांचा मारा झाला. घरांवर गोळे पडले, गुरुद्वाऱ्याला लागले, डझनभराहून अधिक साधी माणसं मेली. त्यात लहान मुलं होती. तिथल्या घरांतही फडताळं होती आणि वाट्या वाजल्याच असतील, पण सराव चाललाय असं म्हणायला तिथे कुणाला जागा नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्या, बातम्या करणाऱ्या, जाहिराती लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं मागणं एवढंच आहे: हा शब्द पूंछसाठी, आणि प्रश्नांखाली मान वर काढता न येणाऱ्या माणसासाठी, राखून ठेवा.